तळ्यातलं विष आणि समुद्रातली कावीळ: मॉन्टेरे बेच्या सी ऑटरचं प्रकरण

तर केस अशी आहे. २००७ साली कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेच्या किनाऱ्यावर ११ सी ऑटर सापडले, काही मेलेले, काही शेवटच्या घटका मोजत असलेले, आणि त्यांच्या हिरड्या पिवळ्याजर्द होत्या. सी ऑटर म्हणजे समुद्रात राहणारं पाणमांजर, जवळपास अख्खा जन्म खाऱ्या पाण्यात काढणारं. उघडून बघितलं तर यकृत सुजलेलं आणि रक्ताने भरलेलं. म्हणजे कावीळ झाली, लिव्हर गेलं, एवढं तर पहिल्या नजरेतच कळलं, पण समुद्रातल्या इतक्या जनावरांचं एकाच पट्ट्यात लिव्हर जावं असं नेमकं झालं काय हे काही कळेना.

उत्तर शेवटी निघालं किनाऱ्यापासून आत, जमिनीवरच्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यात. तिथे वाढलेल्या मायक्रोसिस्टिस नावाच्या सायनोबॅक्टेरियाचं (शैवालासारखे वागणारे, पाणी हिरवं करणारे जिवाणू) विष ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, समुद्रात शिंपल्यांमधे आणि शिंपल्यांतून ऑटरच्या पोटात, असा तो सगळा प्रवास. वन्यप्राण्यांच्या डॉक्टर मेलिसा मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मधे हे सगळं प्लॉस वन जर्नलमधे छापलं, आणि सायनोबॅक्टेरियाच्या विषाने समुद्री सस्तन प्राणी मेल्याची ती पहिली नोंद. तोपर्यंत जुनी प्रकरणं धरून आकडा २१ ऑटरवर गेला होता.

मला ही केस आवडते (आवडते हा शब्द विचित्र आहे, पण असो) कारण सायनोबॅक्टेरिया म्हटलं की बहुतेक सगळे त्या तळ्यापाशीच थांबतात. पाणी हिरवं झालं, वास सुटला, मासे मेले का, कुत्रं पाणी प्यायलं का, बास. तळ्याच्या सांडव्यातून पुढे गेलेल्या पाण्याचं काय झालं हे बघायला कोणी जात नाही, कारण तळं एका खात्याकडे, नदी दुसऱ्याकडे आणि समुद्र तिसऱ्याकडे.

आधी ऑटरबद्दल थोडं

कॅलिफोर्नियातले सी ऑटर, ज्यांना सदर्न सी ऑटर म्हणतात, एके काळी फरसाठी इतके मारले गेले की संपलेच असं वाटत होतं. १९७७ पासून ते अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहेत आणि आजही त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपासच घुटमळते. त्यामुळे तिथे मेलेला ऑटर सापडला की तो असाच वाळूत पुरून टाकत नाहीत, राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची सांताक्रूझला प्रयोगशाळा आहे तिथे त्याचं व्यवस्थित पोस्टमॉर्टेम होतं, नमुने गोठवून ठेवतात, नोंदी राहतात. हा मुद्दा पुढे फार कामाला येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं खाणं. सील, व्हेल यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो तसा सी ऑटरला नसतो, तो दाट फर आणि पोटातली भट्टी यावर थंड पाण्यात जगतो. ती भट्टी पेटती ठेवायला रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट खावं लागतं. २० किलोची मादी धरली तर ५ किलो झालं, रोजचं! आणि खातो काय तर शिंपले, तिसऱ्या, कालवं, खेकडे, गोगलगायी, समुद्री अर्चिन. यातले शिंपले, तिसऱ्या, कालवं हे सगळे पाणी गाळून जगणारे. म्हणजे समुद्राच्या पाण्यात जे काय तरंगत असेल ते हे जीव दिवसभर गाळून स्वतःत साठवतात आणि ऑटर ते किलोच्या हिशोबात खातो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात काही गडबड असेल तर ती सगळ्यात आधी कुठे दिसेल असं विचारलं तर मी डोळे झाकून ऑटर म्हणेन.

आणि हे त्या प्रयोगशाळेला नवीन नव्हतं. त्याच मंडळींनी याआधी दाखवलेलं की टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, जो मांजरांच्या विष्ठेतून बाहेर पडतो, तो जमिनीवरून वाहून समुद्रात जातो आणि ऑटरला होतो, आणि जिथे गोडं पाणी समुद्रात येतं तिथल्या ऑटरना जास्त होतो. त्यामुळे ‘समुद्रात जनावर मेलंय म्हणजे कारण समुद्रातच असणार’ असा चष्मा त्यांच्या डोळ्यावर नव्हता. माझ्या मते ही केस सुटायचं निम्मं श्रेय त्या जुन्या अनुभवाला आहे.

संशयित कोण कोण

कावीळ आणि लिव्हर फेल्युअर म्हटलं की जनावरांच्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी लायनमधे लेप्टोच्या साथी येऊन गेलेल्या, त्यामुळे तो संशय वाजवीच होता. पण तो टिकला नाही. काविळीची बाकीची नेहमीची कारणंही एकेक करत बाजूला पडली.

मॉन्टेरे बेमधे शैवालाच्या विषाचीही काही नवलाई नाही. डोमोइक अॅसिड नावाचं विष तयार करणारे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, तिथे नेहमीचे, १९९८ मधे त्याने ४०० च्या वर सी लायन मेले होते. पण डोमोइक अॅसिड मेंदूवर जातं, जनावराला झटके येतात, मान गदागदा हलते. पिवळ्या हिरड्या हे त्याचं लक्षण नाहीच. आणि गंमत बघा, त्याच २००७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याच बेमधे रेड टाइड (समुद्रातल्या शैवालाची अचानक बेसुमार वाढ) येऊन त्याच्या फेसाने समुद्री पक्ष्यांच्या पिसांचं वॉटरप्रूफिंग गेलं आणि ढिगाने पक्षी गारठून किनाऱ्याला लागले, ते आणखी वेगळंच प्रकरण. म्हणजे एकाच खाडीत, एकाच वर्षात, दोन वेगवेगळे शैवाल-घोळ आणि त्यातला एक तर समुद्रातला नव्हताच. अशा वेळी सगळं एकाच खात्यावर टाकून मोकळं व्हायचा मोह किती होत असेल.

मग मायक्रोसिस्टिनचा, म्हणजे मायक्रोसिस्टिसच्या विषाचा, विचार का आला? कारण वॉटसनव्हिल गावाजवळच्या पिंटो लेकमधे त्या वर्षी मायक्रोसिस्टिसचा प्रचंड मोठा ब्लूम, म्हणजे बेसुमार वाढ, आलेला आणि त्या तळ्याचं पाणी ओढ्यांमधून पाहारो नदीला मिळतं आणि पाहारो थेट मॉन्टेरे बेमधे. नकाशा समोर ठेवला की रेघ आपोआप ओढली जाते. ऑटरच्या लिव्हरचे नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वजनावरून ओळखायची पद्धत) तपासले आणि त्यात मायक्रोसिस्टिन निघालं.

हे विष करतं काय

मायक्रोसिस्टिन म्हणजे सात अमिनो आम्लांची गोल माळ. त्याचे शेकडो प्रकार माहीत आहेत, सगळ्यात जास्त अभ्यास झालेला प्रकार म्हणजे मायक्रोसिस्टिन-एलआर. गोल असल्यामुळे आणि त्यातली काही अमिनो आम्लं नेहमीच्या प्रोटीनमधे नसणारी असल्यामुळे पोटातली एन्झाइम्स त्याला तोडू शकत नाहीत, उकळूनही ते जात नाही, म्हणजे शिंपले शिजवले की प्रश्न मिटला असं काही नाही.

आता सगळं सोडून लिव्हरच का, तर हा रेणू आकाराने मोठा आणि पाण्यात विरघळणारा, तो पेशीच्या पडद्यातून असाच आत शिरू शकत नाही. त्याला दार लागतं. आणि ते दार, म्हणजे पित्ताची आम्लं वगैरे आत ओढणारे ट्रान्सपोर्टर, लिव्हरच्या पेशींवर भरपूर असतात. आत गेलं की ते पीपी१ आणि पीपी२ए या दोन प्रोटीन फॉस्फेटेज एन्झाइम्सना जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. या एन्झाइम्सचं काम प्रोटीनवर लागलेले फॉस्फेट काढायचं, ते थांबलं की फॉस्फेट नुसते लागत राहतात आणि पेशीचा आतला सांगाडाच विस्कटतो. पेशी आकसतात, एकमेकींपासून सुटतात, मधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती राहत नाहीत आणि रक्त लिव्हरमधेच साठायला लागतं. पोस्टमॉर्टेममधे रक्ताने भरलेलं यकृत दिसलं त्याचा अर्थ हा. एकदम मोठा डोस गेला तर जनावर याच रक्तस्रावाने जातं, थोडा थोडा जात राहिला तर लिव्हर हळूहळू खराब होत जातं.

हे फॉस्फेटेज जवळपास सगळ्याच प्राण्यांमधे असतात, त्यामुळे मासा असो, पक्षी असो की माणूस, तत्त्व तेच. फरक पडतो तो किती आत शिरतं आणि किती बाहेर टाकता येतं यावर.

तळं

पिंटो लेक काही फार मोठं नाही. आजूबाजूला पाहारो खोऱ्यातली शेती, घरांच्या सेप्टिक टाक्या, आणि वर्षानुवर्षं वाहून आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात बसलेला. उन्हाळ्यात पाणी तापतं, वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी मिसळायचं थांबतं, तळाशी ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन संपला की गाळात लोखंडाला धरून बसलेला फॉस्फरस सुटून वर येतो. म्हणजे त्या वर्षी बाहेरून एक ग्रॅम खत आलं नाही तरी तळं स्वतःलाच खत घालतंय. ज्यांना वाटतं शेतकऱ्यांनी खत कमी केलं की पुढच्या सीझनला पाणी निवळेल त्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं, निवळत नाही, गाळातला साठा संपायला किती तरी वर्षं जातात.

मायक्रोसिस्टिसला असं तळं म्हणजे पर्वणी. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात त्यामुळे ते तरंगतं, दिवसा प्रकाशात साखर बनवून जड होतं आणि खाली जातं, ती वापरली गेली की पुन्हा वर. बाकीचं शैवाल एक तर बुडतं नाहीतर सावलीत राहतं, हे मात्र वर येऊन सगळा प्रकाश खातं. वारा पडला की पृष्ठभागावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय धरते आणि वाऱ्याच्या दिशेने एका काठाला गोळा होते, आणि विषाचे भयानक आकडे येतात ते याच सायीतून.

आकडा ऐका. मिलर यांच्या अभ्यासात तळ्यात आणि खालच्या ओढ्यांमधे मिळून, समुद्रापासून १ किलोमीटरच्या आतपर्यंत, मायक्रोसिस्टिन सापडलं आणि सगळ्यात जास्त मोजलेलं प्रमाण २,९०० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची मार्गदर्शक मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १ पीपीबी (शंभर कोटीत एक भाग). २,९०० पीपीएम म्हणजे २९ लाख पीपीबी. अर्थात हा सगळ्यात वाईट नमुना, अख्खं तळं असं नसतं, आणि असे कमाल आकडे हेडलाइनमधे एकटे टाकणाऱ्यांचा मला राग येतो, पण एवढी साय पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात ढकलली गेली तर खाली काय जात असेल याचा अंदाज येतो.

एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट, पेशी जिवंत असेपर्यंत बहुतेक विष तिच्या आतच असतं. पेशी फुटली की ते पाण्यात येतं. मायक्रोसिस्टिस गोड्या पाण्याचा जीव, थोडासा खारटपणा तो सहन करतो पण नदीच्या मुखाशी खारटपणा वाढत गेला की पेशी फुटायला लागतात. म्हणजे समुद्रापाशी पोचल्यावर जीव मरतो आणि नेमकं तेव्हाच विष मोकळं होतं. ‘गोड्या पाण्याचं शैवाल आहे, समुद्रात गेलं की मरेल’ हे जे समाधान सगळे करून घ्यायचे ते अर्धं खरं होतं आणि घात त्या उरलेल्या अर्ध्याने केला. बरं, खाऱ्या पाण्यात ते विष लगेच नष्ट होईल म्हणावं तर तसंही नाही, समुद्राच्या पाण्यातही ते बराच काळ टिकतं.

शिंपल्यांचा प्रयोग

इथपर्यंत काय हातात आहे बघा. वर तळ्यात विष आहे, खाली ऑटरच्या लिव्हरमधे विष आहे. मधली कडी नाही. कोणी वकील असता तर इथेच केस उडवली असती.

म्हणून त्यांनी समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांमधे शिंपले, तिसऱ्या, कालवं असे ऑटरच्या जेवणातले प्राणी ठेवले, त्यांना मायक्रोसिस्टिनचा संपर्क दिला आणि मग शरीरात किती साठतं, किती दिवस राहतं ते मोजत बसले. पाण्याच्या तुलनेत १०७ पटीपर्यंत विष या प्राण्यांमधे साठलं. आणि स्वच्छ पाण्यात सोडल्यावर ते भराभर उतरलं नाही, हळूहळू उतरलं. माझ्या मते १०७ पटीपेक्षा हा दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे. नदीतून विषाचा लोंढा एक-दोन दिवस येऊन गेला, पाण्याचा नमुना चौथ्या दिवशी घेतला, पाण्यात काही नाही, रिपोर्ट स्वच्छ, सगळे घरी. पण शिंपल्यांमधे ते अजून आहे आणि ऑटर रोज पाच किलो खातोय.

एक हिशोब मी माझ्यापुरता मांडून बघितला. माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोजची आयुष्यभर चालेल अशी जी मर्यादा काढली होती ती वजनाच्या दर किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम. २० किलोच्या प्राण्याला ती लावली तर दिवसाला ०.८ मायक्रोग्रॅम. आता शिंपल्यात फक्त १ पीपीबी विष आहे असं धरा, म्हणजे किलोला १ मायक्रोग्रॅम. पाच किलो खाल्ले तर ५ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या सहा पट. त्या मानवी मर्यादेत हजार पटीची सुरक्षा धरलेली आहे आणि ती ऑटरसाठी काढलेलीच नाही, त्यामुळे सहा पट म्हणजे ऑटर मेला असा अर्थ अजिबात काढू नका. मुद्दा एवढाच की जो प्राणी स्वतःच्या पाव वजनाइतके शिंपले रोज खातो त्याच्यासाठी ‘किंचित दूषित’ असं काही उरत नाही.

पुरावा कितपत पक्का

इथे थोडं थांबतो, कारण ही केस सांगताना बरेच लोक सरळ ‘तळ्याने ऑटर मारले’ असं ठोकून देतात. शोधनिबंधात तसं नाहीये, त्यात शिंपल्यांमार्फत जमिनीवरून आलेलं विष हा ‘सर्वात शक्य’ मार्ग म्हटलाय. कोणत्या ऑटरने कोणता शिंपला खाल्ला आणि त्या शिंपल्यातलं विष कोणत्या तळ्यातून आलं हे कोणी बघितलेलं नाही आणि बघताही येणार नाही.

मग पक्कं काय? लिव्हरची सूक्ष्मदर्शकाखालची जखम मायक्रोसिस्टिनला शोभेल अशी, त्याच लिव्हरमधे विष प्रत्यक्ष मोजलेलं, विषबाधा झालेले ऑटर वारंवार नदीच्या मुखापाशी आणि बंदरांपाशी सापडलेले, समुद्रात गोड्या पाण्यातून विष येतंय हे एक सोडून तीन नद्यांमधे दाखवलेलं, आणि शिंपले ते साठवतात हे प्रयोगात सिद्ध. समुद्रातच कुठे हे विष तयार होतंय का हेही त्यांनी शोधून बघितलं. प्रत्येक कडी एकेकटी बघितली तर वाद घालता येतो, पण पाचही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मी तरी मानतो.

आणि तीन नद्या म्हटल्यावर पिंटो लेक हा एकटा गुन्हेगार राहत नाही. तो सगळ्यात ठळक, एवढंच. खत आणि सांडपाण्याने लडबडलेल्या कुठल्याही नदीच्या मुखाशी हे होऊ शकतं.

जुने नमुने ठेवले होते त्याचा फायदा इथे झाला. २००७ च्या आधी आणि नंतर कावीळ आणि लिव्हर बिघाडाने मेलेल्या ऑटरची प्रकरणं पुन्हा उघडली तेव्हा एकूण आकडा २१ झाला. म्हणजे हे आधीही होत होतं, फक्त मायक्रोसिस्टिनसाठी तपासायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आणि हा आकडा खालचाच धरायला हवा, मेलेला प्रत्येक ऑटर किनाऱ्याला लागत नाही, लागला तरी ताजा असतोच असं नाही आणि सडलेल्या लिव्हरमधे सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही.

मला एक प्रश्न पडायचा, एकाच खाडीतले काही ऑटर मरतात आणि शेजारचे धडधाकट, असं कसं? याचं एक उत्तर त्यांच्या आवडीनिवडीत असावं. मॉन्टेरेच्या ऑटरवर झालेल्या अभ्यासांतून माहीत आहे की प्रत्येकाचा मेनू वेगळा असतो, एखादी मादी जन्मभर प्रामुख्याने गोगलगायी खाते, दुसरी खेकडे, तिसरी तिसऱ्या. नदीच्या मुखाशी राहून गाळून खाणारे प्राणी खाणाऱ्याच्या वाट्याला जास्त विष येणार हे उघड आहे. हा माझा तर्क आहे पण माहीत असलेल्या गोष्टींशी तो जुळतो.

बाकीच्या जलचरांचं काय

ऑटर गोंडस असतो त्यामुळे त्याची बातमी होते, पण या साखळीत खाली बरेच जण आहेत. तळ्यातच बघायचं तर सुरुवात पाणपिसवांपासून होते. डॅफ्नियासारख्या बारीक जीवांना मायक्रोसिस्टिसचे मोठे चिकट पुंजके धड खाता येत नाहीत, त्यांची गाळणी अडकते, आणि जे खातात त्यांना विष लागतं, वाढ आणि पिल्लं दोन्ही घटतात. शैवाल खाणारेच कमी झाले की ब्लूमला अडवणारं कोणी उरत नाही, म्हणजे चक्र आणखी त्याच्याच बाजूने फिरतं.

माशांमधे हे विष मुख्यतः अन्नातून जातं, लिव्हरमधे बसतं आणि कल्ल्यांनाही इजा होते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आणि ब्रिटिश कोलंबियात समुद्रातल्या जाळ्यांमधे पाळलेल्या अटलांटिक सामनला एक लिव्हरचा आजार व्हायचा, त्याला नेटपेन लिव्हर डिसीज म्हणतात, आणि त्याचा संबंध मायक्रोसिस्टिनशी १९९० च्या दशकातच लावला गेला होता. म्हणजे समुद्रात मायक्रोसिस्टिन ही कल्पना २००७ ला आकाशातून पडली नाही, खुणा आधीपासून होत्या, जोडल्या गेल्या नव्हत्या.

पण एक गैरसमज आहे तो इथेच काढून टाकतो. हिरव्या तळ्यात सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले की सगळे म्हणतात विषाने मेले. बऱ्याचदा ते गुदमरून मेलेले असतात. एवढी साय रात्री श्वास घेते, मेल्यावर सडते, आणि पाण्यातला ऑक्सिजन पहाटेपर्यंत जवळपास संपतो. विषाचं काम वेगळं, ते चोरासारखं चालतं आणि बळी बहुधा दुसरीकडे सापडतो. म्हणून मेलेले मासे दिसत नाहीत म्हणजे विष नाही, आणि दिसतात म्हणजे विषच, दोन्ही निष्कर्ष चुकीचे.

आणि हो, ब्लूम दिसला की मोरचूद टाकायचा जो जुना उपाय आहे त्याने पेशी मरतात, म्हणजेच फुटतात, म्हणजेच सगळं विष एका झटक्यात पाण्यात. खाली जर ओढा वाहत असेल तर आपण स्वतः विष पार्सल करून पाठवल्यासारखं.

पुढे काय झालं

राफाएल कुडेला, जे सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत आणि मूळ अभ्यासातही होते, त्यांच्या गटाने मोजणीची पद्धतच बदलली. बाटलीत पाणी भरून आणलं तर त्या क्षणाचं पाणी कळतं, नदीतला लोंढा त्याआधी किंवा नंतर गेला तर तो सुटतो. त्याऐवजी विष शोषून घेणारी रेझिन भरलेल्या छोट्या जाळीच्या पिशव्या पाण्यात दिवसेंदिवस लटकवून ठेवायच्या आणि मग त्यात काय साठलं ते बघायचं. स्पॅट म्हणतात याला. शिंपला जे करतो तेच, फक्त शिंपला न मारता. कोरिन गिबल आणि कुडेला यांनी मॉन्टेरे बेच्या भोवती गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या पाण्याच्या २१ जागी हे लावून बघितलं आणि १५ जागी मायक्रोसिस्टिन निघालं. हा निबंध २०१४ चा. म्हणजे २००७ हे काही एखादं वाईट वर्ष नव्हतं. नंतर सॅन फ्रान्सिस्को बेच्या शिंपल्यांमधेही हे विष सापडलं आणि तिथे तर गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांतली शैवालविषं एकाच वेळी शिंपल्यांत होती. अशा दोन-तीन विषांचा एकत्र परिणाम प्राण्यावर काय होतो हा प्रश्न या प्रकरणातून निघालेल्या सगळ्या प्रश्नांमधे मला सगळ्यात कठीण वाटतो, कारण सुरक्षेच्या मर्यादा बहुतेक एका वेळी एकेका विषासाठी काढलेल्या असतात.

शिंपले माणसंही खातात हे काही सांगायला नको. त्या वेळी किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची नियमित तपासणी व्हायची ती समुद्री विषांसाठी, लकवा आणणारी विषं आणि डोमोइक अॅसिड यांच्यासाठी, मायक्रोसिस्टिन त्या यादीत नव्हतं कारण ते ‘तळ्यातलं’. मिलर आणि मंडळींनी या प्रकाराला नावच दिलं, हेपॅटोटॉक्सिक शेलफिश पॉयझनिंग, म्हणजे शिंपल्यांतून होणारी यकृताची विषबाधा. नाव दिलं की निदान फॉर्मवर एक रकाना तरी तयार होतो.

राहिलं तळं. पिंटो लेकवर बऱ्याच गोष्टी करून झाल्या. तळाचा गाळ ढवळणारे कार्प मासे काढायचे प्रयत्न झाले, कारण कार्प चरताना गाळ उकरतो आणि फॉस्फरस वर आणतो. आणि २०१७ मधे तळ्यात तुरटी सोडली, म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेट. तुरटीचा पाण्यात कापसासारखा साका होतो, तो खाली बसताना पाण्यातला फॉस्फरस धरून नेतो आणि गाळावर पसरून तिथला फॉस्फरसही बांधतो, आणि लोखंड ऑक्सिजन संपल्यावर पकड सोडतं तशी अॅल्युमिनियम सोडत नाही, हीच त्यातली खुबी. मोरचुदाच्या तुलनेत हा कितीतरी शहाणा उपाय आहे कारण तो पेशी फोडत बसत नाही, खाणंच काढून घेतो. अर्थात पाण्याचा सामू सांभाळावा लागतो, पाणी आम्लधर्मी झालं तर विरघळलेलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर जातं.

पण तुरटीचा थर कायमचा नसतो. वरून ओढे नवीन माती आणि नवीन फॉस्फरस आणत राहिले की तो हळूहळू त्याखाली गाडला जातो आणि वरच्या नव्या गाळाला काही तुरटी लागलेली नसते. त्यामुळे तळ्यातल्या उपचाराबरोबर वरच्या शेतातून आणि सेप्टिक टाक्यांमधून येणारा फॉस्फरस अडवला नाही तर काही वर्षांनी पुन्हा तुरटीचा खर्च करणं आलं. आणि तळ्याची मोजणी करताना सांडव्याच्या खाली, नदीच्या मुखाशी आणि तिथल्या शिंपल्यांमधेही मोजायला हवं, नाहीतर तळं निवळलं म्हणून टाळ्या पडतील आणि खाली काय चाललंय ते पुन्हा एखाद्या पिवळ्या ऑटरकडूनच कळेल.